आमची वाटचाल : पॉलिश झाल्यानंतरचं काम

आमचं मूळ काम डेंटिंग-पेंटिंगचं. हेडलाइट हा त्यातला फुकटचा भाग असायचा. बंपर रंगवून झाला की गाडी देण्याआधी कोणीतरी हाताला लागेल ते रबिंग कंपाउंड दिव्यांवर फिरवायचं, दिवे चमकायचे, गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. पण नव्या रंगाशेजारी पिवळे, चरे पडलेले दिवे जास्तच डोळ्यांत भरतात, आणि ‘यांचंही काहीतरी करा ना’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की हळूहळू पेंटिंग मागे पडलं आणि दिवेच आमचा धंदा झाले.

यात हिशोबही होता. बहुतेक गाड्यांच्या दिव्याची नुसती लेन्स, म्हणजे बाहेरचं पारदर्शक आवरण, बाजारात मिळत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागते. आतला रिफ्लेक्टर, वायरिंग, मोटर सगळं ठणठणीत, आणि बिघडलेला असतो तो बाहेरचा केसापेक्षाही पातळ थर. त्यासाठी अख्खा दिवा भंगारात टाकणं आम्हाला कधीच पटलं नाही.

तो थर म्हणजे काय, हे समजून घेण्यात आमचा सुरुवातीचा बराच काळ गेला. पूर्वी दिव्यांना खरी काच असे. ती तडकायची, पण पिवळी पडत नसे. अमेरिकेत 1983 मध्ये नियम बदलले आणि प्लॅस्टिकच्या लेन्सचा रस्ता मोकळा झाला. युरोपातही 1990 नंतरच्या दशकात त्या आल्या. हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. काचेच्या साधारण निम्म्या वजनाचं, हव्या त्या आकारात ओतता येणारं, दगड बसला तरी सहसा न फुटणारं. दोष दोनच. पृष्ठभाग मऊ, म्हणून धुळीच्या फडक्यानेही चरे पडतात. आणि उन्हातली अतिनील किरणं त्याची रासायनिक रचना बदलून त्याला पिवळं करतात. म्हणून कारखान्यात त्यावर काही मायक्रॉन जाडीचा कडक, किरणरोधक थर चढवलेला असतो. उन्हाने, वाळूच्या कणांनी तो झिजतो, पापुद्र्यांसारखा सुटतो, आणि मग खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. दिव्याचा वरचा, आकाशाकडे असलेला भाग आधी का खराब होतो, याचं उत्तर इथेच आहे.

एवढं कळलं आणि कामाचा क्रमच बदलला. आता आम्ही पॉलिश पेपर हातात घेण्याआधी नख फिरवून बघतो. नख चऱ्यात अडकत नसेल आणि मूळ थर शाबूत असेल, तर बारीक पॉलिश करून थांबतो. उगाच जास्त घासलं तर चांगला थर आपणच घालवून बसतो. नख अडकत असेल किंवा थर जागोजागी सुटला असेल, तर तो पूर्ण काढावाच लागतो. अर्धवट ठेवला तर त्याची कड नकाशातल्या सीमारेषेसारखी कायम दिसत राहते.

मग आजूबाजूच्या रंगावर दोन पदरी मास्किंग टेप, आणि पाण्यातलं घासकाम: 600 किंवा 800 नंबरचा वॉटर पेपर, नंतर 1000, 1500, 2000, शेवटी 3000 (नंबर जितका मोठा, पेपर तितका बारीक). प्रत्येक पेपरला घासायची दिशा बदलायची. आधी आडवं, मग उभं, म्हणजे मागच्या पेपरच्या रेषा उरल्या असतील तर लगेच दिसतात. दिवा ओला असताना सगळंच स्वच्छ दिसतं, म्हणून प्रत्येक टप्प्यावर तो कोरडा करून बघायचा. नव्या मुलांना सगळ्यात कंटाळवाणं हेच वाटतं. पण 800 नंबरची एक रेषा मागे राहिली, तर 3000 नंबरने कितीही घासा, ती तिथेच असते. बफिंग मशीनचंही तसंच. पॉलिकार्बोनेट उष्णता लवकर पसरवत नाही, त्यामुळे पॅड एका जागी टेकवून धरला की तेवढाच भाग तापून खराब होतो. वेग कमी, हात सतत हलता.

इथवर आलं की दिवा नव्यासारखा दिसतो आणि फोटो झकास येतो. बरेच जण इथेच थांबतात. आम्ही मात्र खरं काम इथून पुढे सुरू होतं असं मानतो, कारण या क्षणी ते प्लॅस्टिक पूर्ण उघडं असतं. त्यावर किरणरोधक थर नाही चढवला, तर काही महिन्यांत पिवळेपणा परत, आणि बहुधा आधीपेक्षा लवकर. आम्ही अल्कोहोलने लेन्स पुसून टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून वापरायचा, पारदर्शक क्लिअर कोट स्प्रे गनने मारतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक. म्हणून योग्य फिल्टरचा मास्क आणि हवा खेळती असलेली बूथ, यात तडजोड नाही. थर पक्का वाळेपर्यंत गाडी सोडत नाही, गिऱ्हाईक कितीही घाईत असो.

जुन्या गाड्यांचे एक व्यापारी आमच्याकडे नियमित काम देत. त्यांना नुसती चमक हवी होती, कोट नको; गाडी विकली जाईपर्यंत टिकली की बस. त्या गाडीचा पुढचा मालक दिवे पिवळे पडल्यावर शेवटी आमच्याच नावाने खडे फोडणार, म्हणून आम्ही नाही म्हटलं. काम गेलं. तेव्हा ते जाणवलं, खोटं कशाला बोला.

टूथपेस्टबद्दल रोज कोणी ना कोणी विचारतं. ती बारीक घासणारी पेस्ट आहे, थोडं साफ करते, टिकत काहीच नाही. डास पळवायच्या स्प्रेचा उपाय मात्र कृपया करू नका. त्यातलं डीट हे रसायन प्लॅस्टिकचा वरचा भाग विरघळवतं, म्हणून क्षणभर चकाकी येते, आणि थेंब ओघळले तर गाडीचा रंगही जातो. कपातून रसायनाची वाफ देऊन दिवा चकचकीत करायची पद्धत आम्ही शिकून घेतली आणि बाजूला ठेवली. ती वाफ श्वासात जाणं वाईट, आणि लेन्समध्ये नंतर बारीक तडे उठण्याची भीती राहते.

पुढे आम्ही उजेड मोजायचा लक्स मीटर घेतला. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने चाचणी केली, तेव्हा जुन्या धूसर दिव्यांतून नव्याच्या मानाने जेमतेम पाचवा हिस्सा उजेड मिळत होता. चांगल्या दुरुस्तीनंतर तो सुमारे 70 टक्क्यांवर आला. म्हणूनच ‘अगदी नव्यासारखा’ हा शब्द आमच्या पावतीवर नसतो. काम करण्याआधी आणि नंतर आम्ही भिंतीवर झोत पाडून मोजतो, आणि डीपरची वरची रेषा स्पष्ट कापलेली दिसते का तेही पाहतो. धूसर लेन्स उजेड कमी करते, शिवाय उरलेला समोरच्याच्या डोळ्यांत फेकते. हा दुसरा त्रास आपल्याला आपल्या सीटवरून कधीच दिसत नाही.

काही दिवे आम्ही परत पाठवतो. आतून दमट झालेले, रिफ्लेक्टरचा मुलामा गेलेले, किंवा प्लॅस्टिकच्या आतच जाळीसारखे तडे गेलेले. बाहेरून कितीही घासलं तरी तिथे हात पोहोचत नाही. दमटपणा असेल तर आधी सील आणि हवेची नळी बघून घ्या.

दिव्याची अवस्था दाखवायला आम्हाला फोटो पाठवणार असाल तर दिवा बंद ठेवून, लेन्स धुऊन कोरडी करून, सावलीत, थोड्या तिरक्या कोनातून काढा. पेटलेल्या दिव्याच्या फोटोत चरे दिसत नाहीत.