ऑस्टिनच्या मागे

आमच्या फियाटच्या नंबरपाटीवर 'एमएच'च्या पुढे 'व्हीए' अशी दोन अक्षरं आहेत. 2021 साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. गाडी 50 वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात फार ढवळाढवळ केलेली नको, 20,000 रुपये भरा आणि 10 वर्षांचं प्रमाणपत्र घेऊन जा. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला तेवढी न्यायची. हा नियम लिहिणाऱ्याच्या घरी जुनी गाडी असणारच. कारण शेवटची दोन कामं सोडली तर आमची फियाट तशीही कुठे जात नाही.

गाडी बाबांची. 1965 साली त्यांनी नंबर लावला आणि 1970 साली ती दारात आली. तेव्हा गाडीसाठी पाच वर्षं थांबण्यात कोणाला काही विशेष वाटत नसे. मुलगा कॉलेजात गेला की नंबर लावायचा, म्हणजे त्याच्या लग्नाच्या वरातीला होते, असा हिशेब. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली ही 'फियाट अकराशे डिलाइट'. पुढे 1972 साली हिचं नाव प्रेसिडेंट ठेवलं, 1974 साली पद्मिनी. आमची त्या दोन्ही बारशांच्या आधीची. इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे सलग बाक आणि खिडकीच्या कोपऱ्यात ती त्रिकोणी काच. ती काच थोडी तिरकी केली की वारा बरोबर गळ्यावर येतो. एसीवाल्या गाड्यांनी आपल्याकडून काय काढून घेतलं असं मला कोणी विचारलं, तर मी ही काच सांगेन.

आम्ही नागपुरातली सात घरं वर्षातून एकदा आपापल्या जुन्या गाड्या घेऊन रामटेकला जातो. संघटना नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळे भांडणंही बेताची. डिसेंबरातला एखादा रविवार ठरतो, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात या गाड्या बाहेर काढणं म्हणजे रेडिएटरवर चहा ठेवणं. हॉटेलच्या हिरवळीवर दोरी बांधून उभ्या केलेल्या चकचकीत गाड्या पाहायला मला आवडत नाही. हात लावू नका अशी पाटी लावलेली गाडी आणि काचेच्या कपाटातली पैठणी, दोघींची मला सारखीच कीव येते. गाडीच्या टायरला वाटेतल्या कन्हानची धूळ लागली पाहिजे.

आमचा नियम एकच. सर्वांत हळू गाडी सर्वांत पुढे. वेगवान गाडी पुढे ठेवली तर ती निघून जाते, मागची कुठेतरी बंद पडते, आणि मग अर्धे लोक शोधायला आणि अर्धे फोन लावायला. त्यामुळे सगळ्यांच्या पुढे वकीलसाहेबांची ऑस्टिन सेव्हन. इंजिन साडेसातशे सीसीचंसुद्धा नाही, आणि ब्रेक केबलचे. ब्रेक दाबायचा आणि मग काय होतं ते बघायचं, असं वकीलसाहेब स्वतःच सांगतात. दुसरा नंबर माझा. मी मागे राहिले की पुढच्याला हॉर्न वाजवत बसते असा माझ्यावर आरोप आहे, आणि वकीलसाहेबांना कमी ऐकू येतं. माझ्यामागे डॉक्टरांची मॉरिस मायनर, दोन अ‍ॅम्बॅसेडर, प्रोफेसरांची स्टँडर्ड हेरल्ड, दोघा भावांची विलीज जीप, आणि सर्वांत शेवटी मोमिनपुऱ्याचे आमचे मिस्त्रीचाचा, त्यांच्या बोलेरोत. बोलेरोत पाने, पट्टे, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, दोन कॅन पाणी आणि एक सतरंजी. सतरंजी गाडीखाली आडवं व्हायला.

यंदा सकाळी साडेसहाला झिरो माइलच्या चार घोड्यांच्या पुतळ्यांसमोर जमलो. घोडे वेळेवर होते. अ‍ॅम्बॅसेडर एक कमी होती, ती हँडल मारून मारून सातला आली. तोवर कस्तुरचंद पार्कच्या बाजूला तर्री पोहे झाले. पोह्यांवर दुसऱ्यांदा तर्री घेत वकीलसाहेबांनी त्यांची दरवर्षीची गोष्ट सांगितली. इंग्लंडात 1896 सालापर्यंत मोटारीच्या पुढे एक माणूस पायी चालत ठेवावा लागे. ती सक्ती उठली, वेगाची मर्यादा ताशी 14 मैल झाली, आणि त्या आनंदात 14 नोव्हेंबरला मोटारवाले लंडनहून ब्रायटनला गेले. 1927 पासून ती सफर पुन्हा निघू लागली, आणि तिथे 1905 च्या आधीच्याच गाड्या घेतात. "आपल्या सगळ्या गाड्या तिथे पोरसवदा ठरतील," असं म्हणून ते हात धुवायला उठले.

ती गोष्ट मी दरवर्षी ऐकते. पण यंदा कामठी रोडला लागल्यावर समोर ऑस्टिनची चौकोनी पाठ आणि स्पीडोमीटरचा काटा पस्तिसावर पाहून मला कळलं की ती सक्ती उठलेली नाही. आमच्या पुढे तो माणूस अजून चालतोच आहे, टोपी घालून, ऑस्टिनमध्ये बसून.

गड्डीगोदामला आता रस्त्यावर रेल्वे, रेल्वेवर उड्डाणपूल आणि उड्डाणपुलावर मेट्रो. सगळ्यात खालच्या मजल्यावरून आमची वरात चाललेली. पुढे इंदोरा, आणि मग ऑटोमोटिव्ह चौक. इथेच माझी फियाट दोनदा खोकली आणि बंद पडली. चौकाचं नाव तिला वाचता येत असावं.

चाचा सतरंजी घेऊन आले. सतरंजी लागली नाही. त्यांनी कार्बोरेटर उघडला, त्यातला पेट्रोलच्या बारीक भोकाचा जेट काढला, उजेडाकडे धरला आणि मला दाखवला. आत काळा कण. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी आतून फुगते, तिचे कपचे निघतात आणि येऊन जेटात बसतात. नव्या पेट्रोलला चालतील अशा नळ्या मी बसवून घेतल्या होत्या, पण एक वीतभर तुकडा जुना राहिला होता. तोच नडला. चाचांनी जेट तोंडाला लावून फुंकला.

"किती वेळ लागेल चाचा? उन्हाच्या आत गडावर पोहोचायचं होतं."

"कायले घाई करून राहिल्या ताई? राम काही गड सोडून जाऊन नाही राहिला."

एवढ्यात गर्दी जमली. नवी गाडी बंद पडली की मागून शिव्या येतात. जुनी बंद पडली की नातेवाईक येतात. स्कूटरवाल्या एकाने गाडी बाजूला लावली. त्याच्या मामांकडे अशीच होती, पांढरी. एका काकूंची पाठवणी अशाच फियाटमधून झाली होती, आणि वाटेत पंक्चर झाल्यामुळे सासरी मुहूर्त टळला म्हणून सासूबाई शेवटपर्यंत बोलून दाखवत होत्या. दोन पोट्ट्यांनी फक्त हॉर्न वाजवू का विचारलं. वाजवला, एकमेकांकडे पाहिलं, पुन्हा वाजवला. मायलेज किती देते, हे मात्र सगळेच विचारतात. पूर्वी मी खरं सांगायची. आता प्रश्न ऐकू न आल्यासारखं करते, वकीलसाहेबांकडून तेवढं शिकले.

मग एक पन्नाशीचे गृहस्थ आले, हातात भाजीची पिशवी. काही न बोलता गाडीभोवती फिरले. "बसू का दोन मिनिटं?" म्हणाले. बसले. पिशवी मांडीवर तशीच. डावा हात दांड्यावर गेला आणि त्यांनी समोर बघत पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे चारही गिअर टाकले. एकदाही खाली पाहिलं नाही. नवख्याला यातला पहिला सापडायला पंधरा मिनिटं लागतात. "वडील ड्रायव्हर होते, एका शेठजींकडे," ते म्हणाले. "मला शेजारी बसवून गिअर टाकायला लावायचे. ते क्लच दाबणार, मी गिअर टाकणार." उतरले आणि दार लावून घेतलं, आणि लावतानाही जरा उचलून लावलं, जसं या गाडीचं लावावं लागतं. ते मी त्यांना सांगितलं नव्हतं.

कामठीची छावणी, कन्हानचा पूल, हे सगळं बिनतक्रार पार पडलं. मॉरिसचे सिग्नल म्हणजे खिडकीच्या मागून बाहेर उघडणारे दोन छोटे हात. डॉक्टर ते इमानदारीने वापरतात आणि मागचे दुचाकीवाले ते पाहून हसतात, थांबत मात्र नाहीत. म्हणून डॉक्टरांच्या मिसेस खिडकीतून खराखुरा हातही बाहेर काढतात. मनसरला उजवीकडे वळताना एकाच वेळी तीन हात दाखवल्यासारखं झालं, कारण मागच्या सीटवरची नातही उत्साहात आली होती.

गडाच्या चढावर उन्हाने आणि पहिल्या गिअरने आपलं काम केलं. पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ झाली, पंपाला ती ओढता येईना. याला औषध म्हणजे ओलं फडकं. माझा नॅपकिन भिजवून पंपावर गुंडाळला आणि आम्ही सगळे कठड्यावर बसून संत्री सोलू लागलो. शेजारी हेरल्ड उभी. तिचं बॉनेट मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उघडतं, सुसरीने आ करावा तसं. प्रोफेसर ते कारण नसतानाही उघडतात. समोर कालिदास स्मारकाकडे पाहत ते म्हणाले, "यक्षाने ढगाला काय सांगितलं होतं आठवतं का? दमशील तेव्हा डोंगरावर टेक, आटशील तेव्हा नदीचं हलकं पाणी पी, आणि पुढे जा." चाचा त्या वेळी ऑस्टिनच्या रेडिएटरमध्ये कॅनमधलं पाणी ओतत होते. "बरोबर सांगितलं त्यानं," ते म्हणाले. "ढगाची गाडीही जुनीच असन."

वर पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. अंतर पन्नासेक किलोमीटर. दर्शन झालं, डबे उघडले, आणि रामटेकच्या वानरांनी आपला वाटा घेतला. एक मोठं वानर माझ्या फियाटच्या गरम बॉनेटवर थंडीतल्या आजोबांसारखं पाय पसरून बसलं. दुसऱ्याने मॉरिसजवळ उभं राहून निरीक्षण केलं. डॉक्टर नातीला सिग्नल कसा उघडतो ते दाखवत होते. हात बाहेर आला, वानराने तो धरला आणि हस्तांदोलन करावं तसा ओढला. तुटला नाही, पण आत जाईना. तो बसवण्यात चाचांचे दोन तास गेले, आणि डिसेंबरातला सूर्य कोणासाठी थांबत नाही.

परतताना मनसरलाच अंधार पडला. माझ्या गाडीला डायनामो. इंजिन जोरात फिरलं तर दिवे बरे लागतात. ऑस्टिनच्या मागे पस्तिसाच्या वेगाने चाललं की ते देवघरातल्या समईइतके होतात. वकीलसाहेबांना हॉर्न देऊन उपयोग नव्हताच. मग चाचांनी शेवटून बोलेरो काढली, माझ्या मागे घातली आणि मोठे दिवे लावले. रस्ता लख्ख दिसू लागला. माझ्या गाडीची काळी सावली लांबत लांबत पुढे गेली, ऑस्टिनच्या पाठीवर चढली, तिच्या टपावरून पलीकडे रस्त्यावर उतरली, आणि कन्हानपर्यंत आम्ही ऑस्टिनच्या पुढे होतो.