जागतिक दिवस आणि आमच्या किनाऱ्याचे पंचांग

जून उजाडला की आमच्या गावच्या मंडळाच्या कार्यकारिणीला उसंत नसते. ५ जूनला पर्यावरण दिन, ८ जूनला महासागर दिन आणि १६ जूनला सागरी कासव दिन असे तीन दिवस पाठोपाठ येतात आणि प्रत्येकासाठी फलक, प्रमुख पाहुणे व छायाचित्रे यांची जुळवाजुळव करावी लागते. या दिवसांना माझा विरोध नाही, कारण तारीख ठरलेली असली की एरवी घरात बसणारी माणसेही बाहेर पडतात. माझे म्हणणे इतकेच आहे की, तारीख जगाची असली तरी कार्यक्रमाची वेळ आपल्या किनाऱ्याने ठरवावी.

कासव दिनाचेच पाहा. १६ जून हा आर्ची कार या अमेरिकन कासव-अभ्यासकाचा जन्मदिवस. आपल्याकडे ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात आणि पिल्ले उन्हाळ्यातच समुद्रात गेलेली असतात. जूनमध्ये मासेमारी बंदी असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि पुळणीवर कासवाचा मागमूसही नसतो. अशा वेळी मुलांना रेनकोट घालून किनाऱ्यावर उभे करण्यात काय हशील? रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साथीने घरटी राखली आणि तिथला कासव महोत्सव पिल्ले बाहेर पडतात त्या दिवसांत होतो. म्हणूनच तिथे आलेल्या माणसाला प्रत्यक्ष काही पाहायला मिळते.

२६ जुलैचा कांदळवन दिन मात्र आपल्याला चपखल बसतो. युनेस्कोने २०१५ मध्ये तो जाहीर केला आणि कांदळवनातल्या तिवराच्या झाडांची फळे आपल्याकडे पावसाळ्यातच पिकून खाडीत तरंगू लागतात. ती आपली आपण रुजतात; मंडळाने फक्त मुळांत अडकलेले प्लास्टिक काढावे. (रोपे लावतानाचे छायाचित्र मिळत नाही, म्हणून हे काम कोणाला फारसे रुचत नाही.)

खरे महत्त्व सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणाऱ्या किनारा सफाईला आहे. १९८६ मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओहारा यांनी ती सुरू केली, तेव्हा स्वयंसेवकांनी कचरा नुसता उचलला नाही, तर प्रत्येक वस्तूची नोंदही केली. आपल्याकडे नेमकी हीच गोष्ट गळून पडते. पोती भरली, वजन सांगितले की संपले. पोत्यात नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे किती, थर्माकोल किती, गुटख्याच्या पुड्या किती, हे लिहिले तरच बंदरावर बोलायचे की बाजारपेठेत, हे कळते. जाळ्यांचे तुकडे जास्त निघाले, तर शाळेत प्लास्टिकविरोधी भाषण देऊन काय साधणार?

शिवाय तो शनिवार दरवर्षी निराळ्या तिथीला येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब इथल्या प्रत्येक तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, पाठ असतो. चतुर्थीला तीन वाजता भरती म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. सकाळी काम करायला उत्तम. तोच शनिवार पौर्णिमेच्या आसपास आला तर सव्वाअकराच्या सुमारास पाणी पूर्ण चढते आणि दहाला आलेल्या स्वयंसेवकांना केतकीच्या बनापाशी चिकटून उभे राहावे लागते. त्या दिवशी सकाळी सहा-साडेसहालाच सुरुवात केली पाहिजे, कारण उधाणाने वर टाकलेल्या कचऱ्याची रेघ तेव्हा अख्खी दिसते.

निमंत्रणपत्रिकेवरची वेळ यापुढे तिथी पाहून छापावी, असे मी बैठकीत सुचवले. पाहुणे एवढ्या पहाटे येणार नाहीत, ही अध्यक्षांची अडचण होती. त्यांचा सत्कार दहा वाजता देवळाच्या सभामंडपात करावा आणि तोवर मोजणीचे कागद पुरे करून तेच त्यांच्या हाती द्यावेत, असे अखेर ठरले.