गुरुपौर्णिमेचा तानपुरा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत थंडी सुरू झाली की दुरुस्तीला येणाऱ्या तानपुऱ्यांची संख्या वाढते. त्यातले बरेचसे आषाढात, गुरुपौर्णिमेच्या तोंडावर विकले गेलेले असतात. पावसाळ्याच्या दमट हवेत ते कसेबसे तग धरतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं आणि मग सांधे बोलायला लागतात. मी सतारमेकरांच्या घराण्यातला नाही. जवारी, म्हणजे घोडी घासून तारेला बोलतं करणं, शिकायला म्हणून आलो आणि वस्तादांच्या हाताखाली राहिलो. इतक्या वर्षांत मोडलेली वाद्यं खूप पाहिली, पण डिसेंबरमधला तो एक तानपुरा अजून डोक्यातून जात नाही.

सकाळी दुकान उघडतोय तोच मुंबईकडच्या एक गायिका आल्या. सोबत शिष्य, त्याच्या खांद्यावर गवसणीतला तानपुरा. संध्याकाळी सांगलीत बैठक होती. वाद्य जेमतेम पाच महिन्यांचं. एका मोठ्या शहरातल्या दुकानातून घेतलेलं, पण घडलेलं मिरजेतच. तक्रार एकच, जवारी टिकत नाही. दोन ठिकाणी काढून घेतली, चार दिवस छान बोलतो, मग पुन्हा ठाय ठाय वाजतो.

"चाचा, बाकी काही नको. फक्त जवारी काढून द्या. दोन तास बसते इथे."

मागणी वावगी नव्हती. तानपुऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार त्या उतारावर घासत कंप पावते, खाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा धरली की एका तारेतून स्वरांचं मोहोळ उठतं. हाडाची घोडी कानशीने, मग पॉलिश पेपरने घासत, पुन्हा पुन्हा तार चढवून ऐकत हे काम होतं. वाद्य नीट असेल तर दोन-तीन तासांत चार तारा बोलत्या होतात. दुसरं कुणी असतं तर कानस उचलली असती आणि दुपारी पैसे घेतले असते.

वस्तादांनी कानस उचलली नाही. तानपुरा मांडीवर आडवा घेतला, एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकली. मग भोपळ्याच्या मागच्या बाजूला अंगठ्याचं नख टेकवून जरा दाबलं. नखाची चंद्रकोर तिथे उमटली आणि तशीच राहिली. पाच महिने झाले तरी पॉलिश मऊ होतं. चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने हात हात देत चढवायचं असतं. पातळ थर, वाळू द्यायचा, पुन्हा पातळ थर. पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने त्यावर पांढुरकी झाक येते, म्हणून जाणते लोक त्या दिवसांत पॉलिशला हात लावत नाहीत. घाई असली की माणूस जाड थर देऊन ती झाक दाबून टाकतो. वरून चकाकतं, आत ओलं राहतं.

मला म्हणाले, "फूटपट्टी आण."

तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी, मधोमध किंचित फुगीर हवी. तारांचा सगळा दाब घोडीवाटे तिच्यावर येतो आणि तो पेलायला तो फुगवटाच कामी येतो. पट्टी आडवी ठेवली तर घोडीच्या बरोबर खाली तबली बसलेली दिसली. वस्तादांनी वहीच्या कागदाचा कपटा घेऊन घोडीच्या पायाखाली सरकवला. एका पायाखालून तो आरपार गेला.

जवारीत काही दोष नव्हताच. आधीच्या दोघांनी ती बरोबर काढली असणार. पण खालची जमीनच हलत होती. तबली जराशी बसली की घोडी कलते, घोडी कलली की तार वेगळ्या जागी टेकते, आणि कान लावून घासलेला उतार वाया जातो. जवारी पुन्हा काढली की घोडीचं हाड आणखी झिजतं. असं करत करत चांगली घोडीही संपते.

"ताई, हे आज होत न्हाई," वस्ताद म्हणाले. "मी आत्ता जवारी काढली तर संध्याकाळी वाजंल. पण आठवड्यानं तुम्ही माझ्या नावानं बोटं मोडाल."

ताई नाराज झाल्या, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बैठक तोंडावर आलेली, हातातलं वाद्य गाणाऱ्याच्या गळ्याइतकंच जवळचं. वस्तादांनी आतून आमचा जुना तानपुरा आणला, काळी चार पट्टीत सुरात लावला आणि त्यांच्यापुढे धरला. थोडा वेळ त्या डोळे मिटून नुसत्या छेडत राहिल्या. मग म्हणाल्या, "उघडा तो. काय असेल ते मला पण बघायचंय."

तबली काढणं सोपं नसतं. पातळ पातं गरम करून सांध्यात घालायचं, सरस मऊ होऊ द्यायचा, बोटभर पुढे सरकायचं, पुन्हा पातं गरम करायचं. नीट बसवलेली तबली सुटायला सकाळ जाते. ही डब्याचं झाकण निघावं तशी निघाली. ते पाहूनच माझ्या पोटात कालवलं.

आतून कोंदट वास आला. भोपळ्याच्या आतल्या भिंतीला गराचे पापुद्रे तसेच चिकटलेले होते आणि त्यावर करडी बुरशी धरली होती. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूने, नदीकाठच्या शेतांतून येतात. कडू जात, खायच्या उपयोगाची नाही. वेलावरच वाळवलेला भोपळा आम्ही भिजवून मऊ करतो, तोंड कापतो, आतला गर खरवडून काढतो, हवा तो आकार यावा म्हणून आतून काठ्यांचे टेकू देतो आणि मग सुकायला सोडतो. ते सुकणं कुणाच्या हातात नसतं. उन्हाळ्यात लवकर होतं, पावसाळ्यात होतच नाही म्हटलं तरी चालेल. या भोपळ्याला ती सवड मिळालीच नव्हती.

तबलीची कड जिथे भोपळ्याला मिळत नव्हती तिथे भुसा आणि गोंद कालवून भरला होता. गळ्याच्या सांध्यात, जिथे दांडी आणि भोपळा एकत्र येतात, तिथे सरस फक्त कडेने दिसत होता. मधला भाग कोरडा, लाकूड उघडं. तो सांधा सुतळीने आवळून बांधायचा असतो आणि सरस पूर्ण धरेपर्यंत बांध सोडायचा नसतो. इथे सुतळी दुसऱ्या दिवशीच सोडली असावी, कारण तीच सुतळी पुढच्या वाद्याला लागत होती.

ताईंनी तोंडाला पदर लावला. त्यांचा शिष्य मोबाइलवर फोटो काढत होता. म्हणाला, "कुणी अडाण्यानं बनवलाय."

वस्तादांनी मान हलवली. गळ्यावर सांधा झाकणारी लाकडी पानं कोरलेली असतात, त्यांच्यावरून ते बोट फिरवत होते. पानाची शीर मधे खोल आणि टोकाला विरत गेलेली. तबलीची कड आतून जिथे कुणी बघत नाही तिथेही एकसारखी तासलेली. "हात चांगला आहे," ते म्हणाले. "ह्याला दिवस मिळाले नाहीत."

त्यांनी हात ओळखला होता. नाव कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही, आणि पुढे कळलं तरी मी इथे लिहिणार नाही. दुपारी ताई आमचा तानपुरा घेऊन सांगलीला गेल्या. संध्याकाळी वस्ताद ती निघालेली तबली कापडात गुंडाळून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेले, मला सोबत घेऊन. मला वाटलं, आता तमाशा होणार.

तसं काही झालं नाही. चहा आला. वस्तादांनी तबली उलटी करून चटईवर ठेवली आणि विचारलं, "लाकूड कधी घेतलं होतंस?"

त्या माणसाने लपवलं नाही. उन्हाळ्यात घरी आजारपण, व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली. जून लागला तसा व्यापाऱ्याचा फोन, गुरुपौर्णिमेला इतके नग हवेत, नाहीतर उचल परत कर. तबलीसाठी तुनाच्या लाकडाच्या फळ्या तेव्हाच आणल्या, ओल्याच. रात्रभर मोठा बल्ब लावून सुकवल्या. बल्बच्या उष्णतेने लाकूड वरून सुकतं आणि आत ओल तशीच राहते, हे त्यालाही ठाऊक होतं. मजुरी नगावर, रोजावर नाही. वाळायला ठेवलेल्या वाद्याचे पैसे मिळत नाहीत. आपल्याकडे घाईत बिघडलेल्या वाद्याला कारागीर आळशी किंवा कच्चा ठरतो. मला आता ते पटत नाही. वाळवणीच्या महिन्यांची किंमत कुणीच मोजत नसेल तर ते महिने कारागिराने कुठून आणायचे?

मिरजेतली ही कला शिकलगारांच्या घरांतून आली. हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी 1850 च्या सुमारास सतारी घडवायला घेतल्या. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, 1937 मध्ये गेल्यावर इथल्याच दर्ग्याच्या आवारात विसावले. गाणारे मोठमोठे लोक इथून वाद्यं नेत आले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. मला त्या मानांकनाचा मनापासून अभिमान आहे. म्हणूनच वाटतं की वाद्य कुठे घडलं याच्या जोडीला त्याचं लाकूड किती महिने मुरलं हेही गिऱ्हाइकाने विचारावं. दुकानात तानपुरा हातात घेतल्यावर लोक मीनाकाम बघतात, पानांची नक्षी बघतात. कोपऱ्यात जाऊन पॉलिशवर नख टेकवून बघणारा अजून मला भेटलेला नाही.

ताईंना वस्तादांनी फोनवर सांगितलं, होळीनंतर या. त्यांनी दर पंधरवड्याला विचारलं आणि दर वेळी तेच उत्तर मिळालं. भोपळा आतून खरवडून पुसून काढला आणि माळ्यावर तोंड उघडं ठेवून हवेशीर ठेवला. जानेवारीत मी त्याला थाप मारली तेव्हा आवाज पार बदलला होता, भरीव गदगद जाऊन टणक झाला होता. नवी तबली माळ्यावरच्या जुन्या तुनाच्या फळीतून काढली. ती मी तासली. मधे जाडी राखत, कडेला पातळ करत, बोटाने ठोकून ऐकत.

गळ्याचा सांधा आणि पॉलिश मात्र वस्तादांनी त्याच कारागिराकडे दिलं. रोजावर, नगावर नाही. तो दुकानात येऊन बसायचा. सांध्याला सुतळी आवळली आणि आठवडाभर कुणी तिला हात लावला नाही. पॉलिशला तो फेब्रुवारीच्या कोरड्या उन्हात बसला, बोळ्याचे इतके पातळ हात दिले की सुरुवातीचे काही दिवस काही केल्यासारखं दिसतच नव्हतं. तारा चढवल्यावर वाद्य तसंच ताणात ठेवलं, तीन पोलादी आणि एक खरजाची, म्हणजे खालच्या षड्जाची, पितळी, तबलीला दाबाची सवय होईपर्यंत. पहिली जवारी त्यानंतर, आणि जरा बसल्यावर दुसरी.

ताई आल्या तेव्हा वस्तादांनी कागदाचा कपटा घोडीच्या दोन्ही पायांखाली घालून दाखवला. कुठेच शिरला नाही. ताई बराच वेळ खरज छेडत बसल्या. त्यांनी त्या कारागिराला भेटायची इच्छा सांगितली. तो तिथेच होता, पण पुढे आला नाही. मग त्याच उठून त्याच्याजवळ गेल्या आणि आपल्या शिष्यासाठी लहान तानपुरा सांगितला. केव्हा मिळेल ते विचारलं नाही, पैसे मात्र आगाऊ देऊन गेल्या.

यंदा त्याच व्यापाऱ्याचा फोन आमच्याकडे आला, गुरुपौर्णिमेच्या मालासाठी. वस्तादांनी सांगितलं, लाकडाचे पैसे माघात द्यायचे, म्हणजे फळ्या उन्हाळाभर सुकतील. ज्येष्ठात दिले तर वाद्य पुढच्या वर्षी. व्यापारी चिडला आणि फोन ठेवला. चार दिवसांनी त्याने माघातल्या फळ्यांचे पैसे पाठवले, आमच्या दुकानाला थोडे आणि गल्लीच्या त्या टोकाला थोडे.