नोंद ९ : एक मिलिसेकंदाचं कुबड नेमकं कुणाचं होतं

मंडळी, कुबड गेलं. अभ्यासिकेचं इंटरनेट ट्रॅफिक मोजताना नोंद ६ पासून आयडीसीच्या (ठरावीक वेळाच्या 'खिडकी'त किती पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, येतात त्या संख्येतल्या चढउताराचं माप) आलेखात एक मिलिसेकंदाच्या अलीकडे जो फुगवटा ठाण मांडून बसला होता, तो शुक्रवारी रात्री सपाट झाला. आनंद अर्धाच, कारण त्याच फुगवट्यावर बेतलेलं नोंद ७ आणि ८ मधलं दोन अवस्थांचं एमएमपीपी मॉडेल (ट्रॅफिक जलद आणि मंद अशा दोन अवस्थांत उड्या मारतं असं मानणारं) त्याच्याबरोबर केरात गेलं. त्यातली 'जलद अवस्था' म्हणून जी मिरवली होती, ती ट्रॅफिकची नव्हतीच.

मांडणी तीच आहे. जुळे सोलापुरातली अभ्यासिका, साठ खुर्च्या, १०० एमबीपीएसचं एक फायबर कनेक्शन, पॅकेटचे फक्त पहिले ६४ बाइट आणि पत्ते हॅश करून साठवलेले. मोजणीचा डबा आता पत्र्याखालून काढून जिन्यातल्या कोनाड्यात ठेवलाय. दुपारी त्यातल्या रास्पबेरी पाय ४ या चिमुकल्या संगणकाचं तापमान ८० अंशांना टेकलं की तो स्वतःच वेग कमी करतो, आणि मग टाइमस्टँपवर (पॅकेटवर मारलेल्या वेळेच्या शिक्क्यावर) विसंबण्यात अर्थ राहत नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा नसलेली केसिंग घेऊ नका, कितीही देखणी असली तरी.

आता कुबडाकडे. खऱ्या ट्रॅफिकवर डोकं आपटत बसण्याऐवजी ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं ट्रॅफिक सोडायचं ठरलं. पॉइसन प्रवाहात, म्हणजे पॅकेट एकमेकांशी संबंध न ठेवता येतात तेव्हा, खिडकी कितीही मोठी घ्या, आयडीसी, म्हणजे पॅकेटसंख्येचा व्हेरियन्स भागिले सरासरी, १ च यायला हवा. डी-आयटीजी या ट्रॅफिक बनवणाऱ्या प्रोग्रॅमनं २०० बाइटची पॅकेट, सेकंदाला ८०००, दहा मिनिटं सोडली. म्हणजे ४८ लाख पॅकेट आणि जेमतेम १२.८ एमबीपीएस. आयडीसी १ मिलिसेकंदाच्या खिडकीला १.०, १०० मिलिसेकंदांना १.०, १ सेकंदाला १.०६. (दहा मिनिटांत १ सेकंदाच्या खिडक्या ६००, त्यामुळे ०.९ ते १.१ मधलं काहीही चालतं, त्यावर वाद घालू नये.) पण ०.१ मिलिसेकंदाला आकडा ८.२! शुद्ध पॉइसनवर तेच कुबड. म्हणजे अभ्यासिकेतल्या पोरांचा यात काही संबंध नव्हता.

मग दर बदलून पाहिले. सेकंदाला २००० पॅकेट असताना २.८, ४००० ला ४.६, ८००० ला ८.२. यातून प्रत्येकी १ वजा करा: १.८, ३.६, ७.२. दर दुप्पट की जादाचा भाग बरोबर दुप्पट. हा आकृतिबंध ओळखून ठेवण्यासारखा आहे. मधलं एखादं यंत्र पॅकेट अडवून ठरावीक वेळानं एकगठ्ठा पुढे ढकलत असेल, तर त्या वेळेपेक्षा लहान खिडकीला आयडीसी येतो १ + दर × (गठ्ठ्याचा काळ − खिडकी). ८००० × ०.०००९ = ७.२, अधिक १, म्हणजे ८.२. गठ्ठ्याचा काळ एक मिलिसेकंद. खिडकी त्याहून मोठी झाली की यंत्राचा मागमूस राहत नाही, म्हणून १ मिलिसेकंदापुढे सगळं साळसूद दिसत होतं.

आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी येतं. घरच्या टाकीत पाणी कधी पडलं याची वही ठेवून भीमेच्या खोऱ्यात पाऊस कसा झाला हे सांगता येईल का? आमची नोंद ७ म्हणजे तीच वही होती.

आता गठ्ठे बांधणारा शोधायचा. संशयित चार.

पहिला जीआरओ. लिनक्स एकाच प्रवाहातली येणारी टीसीपी पॅकेट जोडून वर देतं, म्हणून कॅप्चरमध्ये १५१४ ऐवजी कैक हजार बाइटचं 'पॅकेट' दिसतं. ईथटूल या नेटवर्क कार्डाची सेटिंग बदलणाऱ्या आज्ञेनं जीआरओ आणि त्याचाच कार्डातला भाऊ एलआरओ बंद केले. खऱ्या ट्रॅफिकमधली अजस्र पॅकेट गेली, ते व्हायलाच हवं होतं, पण पॉइसन चाचणीच्या आकड्यात फरक शून्य. ज्यांनी अजून हे बंद केलेलं नाही त्यांनी आजच करा, नाहीतर पॅकेटसंख्येवर काढलेलं सगळं गणित फोल आहे.

दुसरा जनरेटर स्वतः. इथे थोडं पाप सापडलं. लिनक्समध्ये साध्या प्रोसेसच्या टायमरला ५० मायक्रोसेकंदांची ढील असते, आणि सीपीयू झोपेत गेला असेल तर जागा व्हायला आणखी वेळ. झोपण्याऐवजी घड्याळाकडे बघत फिरत राहणारा लूप लावला, प्रोसेस एका कोअरला बांधली, सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकला. ०.०५ मिलिसेकंदाच्या खालचा बारीक केसाळपणा गेला. कुबड जागच्या जागी. आयपर्फ३ हा वेग मोजणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: त्याचा पेसिंग टायमर मुळातच १००० मायक्रोसेकंदांचा असतो. त्यानं सोडलेल्या यूडीपीत एक मिलिसेकंदाचे गठ्ठे दिसले तर तो शोध नव्हे.

तिसरा संशयित मिरर पोर्ट, म्हणजे स्विचचा ट्रॅफिकची नक्कल देणारा पोर्ट. स्विच मधून काढून केबल थेट जोडली. तेच. (इथेच कळलं की नवी पेठेतून आणलेली 'कॅट ६' केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची आहे. चाकूनं तार खरवडली की आतून पांढरी निघते. कुबडाशी संबंध नाही, पण दुकानदारानं शुद्ध तांबं म्हणून पैसे घेतले होते. खरेदी करताना खरवडून बघा, तो रागावला तर समजायचं ते समजा.)

चौथा तो यूएसबी-लॅन अडॅप्टर. पायवर लॅन पोर्ट एकच, तो राउटरकडे गेलेला, म्हणून कॅप्चरसाठी हा लावलेला. ईथटूलनं इंटरप्ट कोअलेसिंगचा (पॅकेट जमवून एकदमच कळवण्याचा) वेळ ० करायला गेलं तर 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड'. लागोपाठच्या पॅकेटमधल्या गॅपचा हिस्टोग्राम काढला आणि सगळं उघडं पडलं: २ ते ४ मायक्रोसेकंदांवर एक उंच सुळका, मग जवळपास मोकळं मैदान, मग एक मिलिसेकंदाच्या अलीकडे दुसरी टेकडी. २०० बाइटचं पॅकेट १०० एमबीपीएसच्या तारेवरून जायलाच १६ मायक्रोसेकंद लागतात. हा अडॅप्टर १०० चाच आहे. मग दोन पॅकेट २ मायक्रोसेकंदांच्या अंतरानं येतील कशी? तारेवर येऊच शकत नाहीत. अडॅप्टर ती आपल्या बफरमध्ये जमवतो, यूएसबीच्या एका ट्रान्सफरमध्ये कोंबतो, आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) गठ्ठा सोडताना एकेकावर शिक्का मारतं. तो शिक्का पॅकेट तारेवर कधी आलं हे सांगत नाही, कर्नलनं गठ्ठा कधी सोडला एवढंच सांगतो. हा हिस्टोग्राम नोंद ६ लाच काढायला हवा होता. दहा मिनिटांचं काम.

उपाय म्हणून जुन्या पीसीत इंटेल आय२१० कार्ड लावलं. हे कार्ड प्रत्येक येणाऱ्या पॅकेटवर हार्डवेअरमध्येच शिक्का मारतं. ईथटूलच्या कॅपिटल टी पर्यायात रिसीव्ह फिल्टरसमोर 'ऑल' दिसलं पाहिजे. काही कार्डं फक्त पीटीपी (घड्याळं जुळवणाऱ्या) पॅकेटना शिक्का मारतात, ती आपल्या कामाची नाहीत. पॅकेट टिपणाऱ्या टीसीपीडंपला मात्र 'ॲडॅप्टर अनसिंक्ड' प्रकारचा टाइमस्टँप मागावा लागतो, नाहीतर तो गुपचूप कर्नलचाच देतो. आधी सॉफ्टवेअर शिक्क्यांवर चाचणी: ०.१ मिलिसेकंदाला आयडीसी १.४, म्हणजे कोअलेसिंगचा थोडा गठ्ठा इथेही होता. मग हार्डवेअर शिक्के: १.०१. तोच प्रवाह, तेच कार्ड. आलेखाची रेघ डावीकडून उजवीकडे आडवी, टेबलासारखी. प्रिंट काढून भिंतीवर लावावी अशी.

त्याच भरात विश्लेषणाची स्क्रिप्टही तपासून घेतली. बेलकोर या अमेरिकन संशोधन कंपनीतल्या ट्रॅफिकची २९ ऑगस्ट १९८९ ची नोंद (दहा लाख पॅकेट, ३१४२.८२ सेकंद) तिला दिली, एच (हर्स्ट घातांक, ट्रॅफिकच्या स्मृतीचं माप: ०.५ म्हणजे दीर्घ स्मृती नाही, १ कडे सरकला की ती वाढते) ०.८ च्या आसपास आला. लेलँड, तक्कू, विलिंगर आणि विल्सन यांच्या १९९४ च्या निबंधाशी जुळतं. आता स्क्रिप्टवर शंका नाही.

मग अभ्यासिकेचा नवा कॅप्चर, सकाळी ११ ते १. दुपारचा घेतला नाही, कारण वीज गेली की माणसं उठतात आणि सरासरीच बदलते. सरासरी बदलली की एच काढायची आर/एस पद्धत त्याला दीर्घ स्मृती समजून एच फुगवते. वेव्हलेट पद्धत साध्या चढउतारांना बधत नाही, तीच धरा. आयडीसी १०० मिलिसेकंदांना १२, १ सेकंदाला ४७, १० सेकंदांना १९०. खिडकी दहापट की आयडीसी चौपट, म्हणजे लॉग-लॉग आलेखावर उतार ०.६ आणि एच = (१ + ०.६) ÷ २ = ०.८. चार सेकंदांजवळ किंचित खळगा आहे, तो व्हिडिओ लेक्चरच्या तुकड्यांचा. दुसऱ्या बाजूनं पडताळा: डाउनलोडच्या आकारांच्या शेपटीचा अल्फा (प्रचंड डाउनलोडची शक्यता किती वेगानं घटते ते सांगणारा घातांक) १.४ निघाला, आणि ऑन-ऑफ मॉडेलप्रमाणे (प्रत्येक जण आळीपाळीनं चालू आणि बंद) एच = (३ − १.४) ÷ २ = ०.८. दोन वेगळ्या वाटांनी एकच गाव. तेव्हा एमएमपीपी निवृत्त, यापुढे पॅरेटो (अशा लांब शेपटीचं) ऑन-ऑफ.

एच ज्यांच्या नावावरून पडला ते हर्स्ट धरणांचा माणूस. नाईलवर साठा किती मोठा हवा याचं गणित मांडताना त्यांना दिसलं की दुष्काळाला दुष्काळ चिकटून येतो (निबंध १९५१ चा). उजनी उणेत गेलेली पाहिलेल्यांना हे समजवायला नको. पण याच कारणानं बफर (पॅकेटच्या रांगेची जागा) वाढवून भागत नाही. रांगांच्या गणितातल्या नॉरोसच्या सूत्रात रांग ओसंडण्याच्या शक्यतेचा लॉग उणे बाजूला बफरच्या (२ − २एच) घाताप्रमाणे वाढतो. ओसंडण्याची शक्यता शंभरात एक धरा आणि बफर दुप्पट करा. एच ०.५ असता तर ती दहा हजारात एक झाली असती. ०.८ ला फक्त साधारण ४४० त एक. नोंद ५ वर 'राउटरची रांग मोठी करा' असा सल्ला ज्यांनी दिला होता, त्यांना हे सादर.

व्यवस्थापनाकडे वळतो, इथे अजून कच्चं आहे. मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवरून १८० एमबीपीएसनं यूडीपी इकडे सोडलं. पहिले १५० मिलिसेकंद सगळं आलं, मग कात्री लागून बरोबर १०० वर आलं. उशीर वाढला नाही, थेट गळती. म्हणजे पुरवठादाराकडे रांग नाही, पोलिसर (जादा पॅकेट थेट टाकून देणारा) आहे, आणि त्याची टोकन बकेट (मर्यादेच्या वर जाण्यासाठीची शिल्लक) (१८० − १००) × ०.१५ = १२ मेगाबिट, म्हणजे दीड मेगाबाइट. व्हिडिओचा चार सेकंदांचा तुकडा अडीच एमबीपीएसनं १० मेगाबिटचा. असे तुकडे एकाच वेळी १८० च्या वेगानं आले तर प्रत्येकी सुमारे ४.४ मेगाबिट टोकन खातात. दोन सुखरूप, तिसऱ्याला मार. साठ खुर्च्यांत तीन तुकडे एकत्र येणं ही रोजचीच गोष्ट.

म्हणून आयएफबीवर (येणाऱ्या ट्रॅफिकसाठीचा लिनक्सचा आभासी पोर्ट) केक हा शेपर (वेग बांधून सगळ्यांना वाटा देणारा) लावून येणारा वेग ९२ एमबीपीएसला बांधला, इनग्रेस मोड, नॅट आणि ड्युअल-डेस्टहोस्ट हे पर्याय चालू. एका खुर्चीचं डाउनलोड दुसरीचं लेक्चर खाणार नाही आणि बकेट बहुतेक वेळ भरलेली राहील, हा हेतू. दोनच संध्याकाळींचे आकडे आहेत, ते आत्ता देत नाही. जुन्या एका कोअरच्या राउटरवर हे करू नका, शेपरच सीपीयू खाऊन टाकतो.

पुढचा टप्पा ९२ ऐवजी ९५, ९७ तपासण्याचा होता. पण वरचं गठ्ठ्याच्या काळाचं सूत्र लिहिताना सुचलं की ते उलटंही चालवता येईल. जीपॉनमध्ये (घरोघरी फायबर देण्याची एक पद्धत) अपलोडची पाळी ओएलटी (पुरवठादाराकडचं यंत्र) वाटून देतो, म्हणजे तिथेही गठ्ठेच. घरून पॉइसन प्रवाह वर पाठवायचा, पलीकडे आयडीसी काढायचा, आणि गठ्ठ्याचा काळ वाचायचा. दोन्ही टोकांची घड्याळं जुळवायची गरज नाही, फक्त घेणाऱ्याचं घड्याळ चांगलं हवं. भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरचं ते नसतं, त्याचे स्वतःचे गठ्ठे असणार. म्हणून दुसरं टोकही आय२१० वरच हवं. शहरात दुसऱ्या एखाद्या फायबरवर, होटगी रोड, विजापूर रोड, कुठेही, कुणाकडे पब्लिक आयपी आणि असं कार्ड असेल तर कळवा. आधी हे, ९५-९७ नंतर.

तोवर अभ्यासिकेत आज संध्याकाळी सहा ते रात्री बारा कॅप्चर चालू राहील. गर्दीच्या वेळी सेकंदाला साधारण ६००० पॅकेट, प्रत्येकी ६४ अधिक १६ बाइट, म्हणजे तासाला १.७ जीबी आणि सहा तासांचे जवळपास साडेदहा. ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर तीन रात्री मावत नाहीत, दुसऱ्या रात्रीनंतर कॉपी करून रिकामं करावं लागेल.