मियाटाचे ब्रेक, शॉकअब्सॉर्बर आणि मिशिगनचं मीठ

माझी गाडी पाहिली की इथल्या मराठी मित्रमंडळींचे प्रश्न ठरलेले. पहिला, "अजून चालते का ही?" दुसरा, "दोनच सीट?" आणि विचारणारा गाड्यांच्या नादाचा असला तर तिसरा, "खाली किती केलीस?", म्हणजे गाडीची उंची किती कमी केलीस. पहिल्या दोन प्रश्नांना मी हसून घेते. तिसऱ्याला मात्र सविस्तर उत्तर देते आणि विचारणाऱ्याचा चहा गार होतो.

गाडी १९९४ ची माझदा मियाटा, दोन सीटची उघड्या छताची छोटी स्पोर्ट्स कार. त्या वर्षी तिला १.८ लिटरचं इंजिन मिळालं आणि त्याबरोबर ब्रेकही मोठे झाले, पुढची डिस्क २३५ मिलिमीटरची २५५ झाली. वजन हजार किलोच्या आसपास, चारही चाकांना डबल विशबोन (चाक धरून ठेवणाऱ्या, वर-खाली अशा दोन दांड्या), छत हाताने मागे लोटायचं. आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. गॅरेजात गाडी एकच मावते, त्यामुळे थंडीत नवऱ्याची रोजची गाडी बाहेर बर्फात आणि ही आत उबेत. या विषयावर घरात चर्चा होऊन गेलेली आहे, पुन्हा काढत नाही.

आधी ब्रेक, कारण खर्चाचा क्रमही तोच असावा असं माझं ठाम मत आहे. मी साउथ हेवनच्या जिंजरमॅन या रेसिंग ट्रॅकवर अधूनमधून जाते. हजार किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायची तर जवळजवळ दहा लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्या उष्णतेत तीन लिटर पाण्याला आधण येईल, आणि ती ब्रेकमध्ये शिरते काही सेकंदांत. वळणावळणाला पुन्हा पुन्हा. लोकांना वाटतं, यावर उपाय म्हणजे लाल रंगाचे मोठाले कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारे चिमटे. एवढ्या हलक्या गाडीला कंपनीचे कॅलिपर पुरतात. आधी दगा देतं ते ब्रेक ऑइल, पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारं.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पेडल सरळ तळाला. म्हणून माझ्याकडे ट्रॅकचा हंगाम सुरू होण्याआधी दरवर्षी ऑइल बदललं जातं, मागचं स्वच्छ दिसत असलं तरीही. रंगावरून त्यातलं पाणी कळत नाही.

ऑइल बदलताना पाइपांतली हवा काढायला माणसं दोन लागतात. नवरा सीटवर, मी चाकापाशी. मास्टर सिलिंडरपासून (पेडल जिथे ऑइलला दाब देतं तिथून) सगळ्यात लांबचं चाक आधी: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं.

"दाब."

"दाबलंय."

"धरून ठेव. सोडू नकोस, मी सांगेपर्यंत अजिबात सोडू नकोस."

"किती वेळ?"

"बोलू नकोस, धर."

चाकापाशी हवा सोडायचं जे निपल असतं, ते बंद केल्याशिवाय पेडल सुटलं तर हवा परत आत जाते, म्हणून हा दम. वरच्या डबीतली पातळी मध्ये मध्ये बघायची, ती रिकामी झाली की पहिल्यापासून सगळं आलं. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवायचं, ते रंग खातं.

पॅड बदलणं पुढच्या चाकांना सोपं आहे. पिस्टन क्लॅम्पने दाबून आत सरकवायचा. मागे मात्र हँडब्रेक कॅलिपरमध्येच आहे, आणि तिथे क्लॅम्प लावून जोर काढणारे लोक आतली यंत्रणा मोडून ठेवतात. तिथला पिस्टन दाबून जात नाही. कॅलिपरच्या पाठीमागे १४ च्या पान्याचा एक बोल्ट असतो, तो दिसतो इतर बोल्टांसारखाच, पण ते नुसतं झाकण आहे. ते काढलं की आत ४ मिलिमीटर अ‍ॅलन कीची जागा. की आत घालून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवत राहायचं आणि पिस्टन केसाकेसाने आत जाताना बघायचा. घाई चालत नाही. नवे पॅड बसले की उलट फिरवून पॅड डिस्कला टेकवायचे, आणि टेकले की एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. हा एवढासा फेरा घ्यायचा राहून गेला तर पॅड घासत राहतात, जास्त झाला तर हँडब्रेक नुसता वर येतो, धरत काहीच नाही. हे एकदा हाताला कळलं की कारखान्याने हे असं का केलं याचा रागही येत नाही.

डिस्कच्या बाबतीत आमच्या घरात एक तज्ज्ञ आहे. बाबांची उभी हयात कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत गेली. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना बाजारात मिळणारी भोकं पाडलेली डिस्क दाखवली. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "चांगल्या बिडाला भोकं कशाला पाडली गं?" मुद्दा बरोबर आहे. डिस्क बिडाची का असते, तर त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता भराभर पसरते आणि थरथर, आवाजही मुरतो. ट्रॅकवर भोकांच्या कडेपासून चिरा जायला लागतात. मी साधी, सपाट, स्वस्त डिस्क लावते आणि झिजली की बदलते. किमान जाडी डिस्कवरच लिहिलेली असते, मायक्रोमीटर लावून मोजायची. आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरलं की "डिस्क वाकली" असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा पॅडचा थर असमान चिकटलेला असतो, नाहीतर हब (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो भाग) आणि डिस्कच्या मध्ये गंजाचा पापुद्रा अडकलेला. नवी डिस्क लावण्याआधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने लख्ख करा, अर्धी दुखणी तिथेच जातात.

आता तो तिसरा प्रश्न.

मियाटाच्या पहिल्या पिढीत चाकाला वर जायला जागाच मुळात कमी आहे. जुन्याच शॉकअब्सॉर्बरवर नुसत्या आखूड स्प्रिंगा घातल्या, की गाडी फोटोत देखणी दिसते आणि रस्त्यावर बम्प स्टॉपवर बसून चालते. बम्प स्टॉप म्हणजे शेवटचा धक्का झेलणारा फोमचा तुकडा. वळणात गाडी कलली, त्यात बारीकसा उंचवटा आला, की बाहेरच्या चाकाची स्प्रिंग संपते आणि सगळं वजन त्या तुकड्यावर येतं. त्या क्षणी ते चाक एकदम कडक होतं आणि पकड सुटते. मागचं चाक असेल तर गाडी गिरकी घेते. त्यामुळे "खाली केली" याला मी सुधारणा म्हणत नाही.

माझ्या गाडीत कोनी कंपनीचे पिवळे शॉकअब्सॉर्बर आहेत, स्प्रिंगा मूळच्यापेक्षा थोड्याच कडक, उंची किंचित कमी. उंची मोजायची ती चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, जमिनीपासून नव्हे, नाहीतर टायर बदलला की आकडा बदलतो. कोनीचं रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत उलगडताना होणारा रोध, वरच्या नॉबने कमीजास्त होतं; मागच्यांसाठी डिकीतला गालिचा उचलावा लागतो. सगळेजण विकत घेतल्याबरोबर तो नॉब पूर्ण कडककडे फिरवतात. डेट्रॉइटच्या आसपासचे खड्डे कोल्हापूरच्या पावसाळ्याला लाजवतील असे आहेत, इथे कडक शॉकअब्सॉर्बरवर चाक जमिनीला टेकतच नाही. मी मऊ बाजूला ठेवते.

जुनी स्प्रिंग काढताना कॉम्प्रेसर वापरा, यावर वाद नको. गाडी जॅकवर असली तरी स्प्रिंग आत दाबलेलीच असते, वरचा नट सुटला की ती तोंडावर येते. आणि विशबोनच्या सांध्यातल्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असताना. रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली टेकताच ते पीळ खातं आणि काही महिन्यांत फाटतं. हे गॅरेजवाल्यालाही स्पष्ट सांगावं लागतं, कारण जॅकवरच सगळं आवळून मोकळं होणं सोपं.

यानंतर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जमवणं, आणि इथे मिशिगनचं मीठ भेटतं. खालच्या विशबोनना एकूण आठ एक्सेंट्रिक बोल्ट आहेत (फिरवले की विशबोन सरकवणारे), त्यांवर कॅम्बर, पुढचा कॅस्टर आणि मागचा टो हे कोन जमवतात. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाने हे बोल्ट बुशाच्या नळीत असे गंजतात की पाना फिरतो तेव्हा अख्खा बुश बरोबर फिरतो. आठवडाभर रोज संध्याकाळी पेनिट्रेटिंग ऑइल मारा, तरी एखाददुसरा करवतीने कापावाच लागतो. नवे बोल्ट, त्यांना भरपूर कॉपर ग्रीस, मगच अलाइनमेंटवाल्याकडे. तो मशीनवर आकडे घेतो तेव्हा मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहते. एवढ्या हलक्या गाडीत माझं वजनही आकड्यांत उतरतं.

मिशिगनमध्ये खासगी गाडीची वार्षिक तपासणी सक्तीची नाही. म्हणजे गंजलेले ब्रेक पाइप घेऊन कुणीही शंभरच्या वेगाने शेजारून जाऊ शकतं, आणि जातंही. माझ्या गाडीचे मागे जाणारे मूळचे पोलादी पाइप वरून ठीक दिसतात, पण क्लिपच्या खाली खवले धरलेत. तांबं-निकेलच्या पाइपची गुंडाळी आणून ठेवली आहे, ते गंजत नाही आणि हाताने वळतं. नट एम१० चे, पिच १.०, टोकांना डबल फ्लेअर, म्हणजे पाइपचं टोक फुलवून दुमडलेलं. फ्लेअरिंगचं हत्यार मित्राकडून मागून आणायचंय, आणि हे काम पहिला बर्फ पडायच्या आत उरकायचंय.