बाबांचं शेवटचं रिटर्न, आईचं पहिलं

बाबा जानेवारी २०२५ च्या मध्यावर गेले. दिवसकार्य झालं, पेन्शनचे कागद कोषागारात गेले, बँकांच्या फेऱ्या सुरू झाल्या. मार्च उलटल्यावर धाकट्या भावाने विषय काढला, "ताई, बाबांच्या इन्कम टॅक्सचं काय करायचं?" भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं यावर काहीतरी मत होतं. माणूसच राहिला नाही तर रिटर्न कसलं, असं एक काका म्हणाले. आत्या म्हणाली, पॅन कार्ड परत करून टाका म्हणजे पुढे कटकट नको. दोघंही मायेने सांगत होते, पण दोन्ही सल्ले चुकीचे होते. हे मला कळलं ते तेव्हाच्या आयकर कायद्याचं कलम १५९ वाचल्यावर. गेलेल्या माणसाचं त्या वर्षातलं उत्पन्न करपात्र असेल तर त्याचं रिटर्न वारसाने भरायचं असतं आणि कर निघाला तर तोही भरायचा असतो. त्याच कलमात दिलासा देणारी एक गोष्ट आहे, जी फारसं कुणी सांगत नाही. ही जबाबदारी मृताकडून वारसाला जेवढी मालमत्ता मिळाली तेवढ्यापुरतीच असते. वारसाच्या स्वतःच्या खिशाला त्याची झळ लागत नाही. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती जरा सैलावली. बाबांचं काही देणं आपल्या मुलांवर येईल की काय, ही धास्ती तिने कुणाजवळ बोलून दाखवली नव्हती.

रिटर्न भरायला आयकर विभागाच्या पोर्टलवर आधी 'रजिस्टर ॲज रिप्रेझेंटेटिव्ह' या पर्यायातून वारस म्हणून नोंदणी करावी लागते. बाबांचं पॅन, वारसाचं पॅन, मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा पुरावा हे कागद लागतात. आमचं घोडं अडलं ते पुराव्यापाशी. सगळे म्हणत होते, कोर्टातून वारस प्रमाणपत्र आणा, आणि त्याला किती काळ लागेल याची कुणालाच खात्री नव्हती. बाबांचं मृत्युपत्र होतं, सगळं आईच्या नावे केलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं. ते कायद्याने पूर्ण वैध होतं, पण नोंदणी केलेलं नव्हतं आणि पोर्टलच्या यादीत मृत्युपत्र नोंदणीकृतच हवं असं लिहिलेलं.

ती यादी शांतपणे पूर्ण वाचली तेव्हा मार्ग सापडला. त्यात महसूल अधिकाऱ्याचा वारस दाखला चालतो, बँकेच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी दिलेलं नॉमिनीचं किंवा जोडखातेदाराचं पत्र चालतं आणि सरकारने दिलेलं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्रही चालतं. हे शेवटचं कपाटात पडलेलंच होतं. मात्र त्यावर नाव आईचं होतं. म्हणजे वारस म्हणून नोंदणी माझ्या किंवा भावाच्या नाही, आईच्याच पॅनवर करणं सोयीचं होतं. आईने जन्मात कधी रिटर्न भरलेलं नव्हतं. तिचं लॉगिन उघडायला बसलो आणि कळलं, तिच्या आधारला मोबाइल नंबर बाबांचा जोडलेला आहे. प्रत्येक ओटीपी बाबांच्या फोनवर येणार. आठवड्याभरापूर्वीच भाऊ तो नंबर बंद करायला निघाला होता, आईनेच "राहू दे रे थोडे दिवस" म्हणून थांबवलं होतं. तो नंबर चालू होता म्हणून त्या दिवशी काम पुढे सरकलं. नंतर आईला आधार केंद्रात नेऊन तिचा स्वतःचा नंबर जोडून घेतला. ज्यांच्या घरी असा प्रसंग ओढवला आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, गेलेल्या माणसाचं सिमकार्ड आणि ईमेल घाईने बंद करू नका. बँक, विमा, आयकर, सगळ्यांचे निरोप बराच काळ तिथेच येत राहतात.

नोंदणीची विनंती मंजूर झाली की आईच्या लॉगिनमधूनच बाबांच्या खात्यात जाता येतं. बाबांचं फॉर्म २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, आणि एआयएस, म्हणजे उत्पन्नाचं वार्षिक माहिती विवरण, तिथे दिसतं. खरं काम इथून सुरू झालं.

एआयएसमध्ये उत्पन्न पॅननुसार येतं, माणूस कोणत्या तारखेला गेला याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बाबांच्या ठेवींवर बँकेने मार्चपर्यंतचं सगळं व्याज त्यांच्याच पॅनवर दाखवलं होतं आणि टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कापायचा करही, त्यांच्याच नावे कापला होता. कर मात्र तारखेप्रमाणे ठरतो. १ एप्रिलपासून निधनाच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न बाबांचं, त्यानंतरचं ज्याला मालमत्ता मिळाली त्याचं, म्हणजे आमच्याकडे आईचं. मालमत्तेची वाटणी रखडली असेल तर मधल्या काळासाठी मृत्युपत्राच्या निष्पादकाच्या, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याच्या, नावे वेगळं रिटर्न असाही प्रकार कायद्यात आहे. सगळं एकट्या आईकडेच आल्यामुळे आम्हाला ती गरज नाही, असं आमचं करांचं काम पाहणाऱ्या सीए ताईंनी सांगितलं.

तर व्याजाचे दोन भाग कसे करायचे? मी बँकेत जाऊन त्या तारखेनुसार दोन तुकड्यांत व्याजाचं प्रमाणपत्र मागितलं. काउंटरवरच्या मॅडमनी आधी "सिस्टिममधून पूर्ण वर्षाचंच निघतं" म्हणून सांगितलं. मी मृत्यूचा दाखला पुढे ठेवला आणि कशासाठी हवंय ते समजावलं. त्यांनी प्रत्येक ठेवीचा खातेउतारा काढला, निधनाच्या तारखेपर्यंत साचलेलं व्याज कॅल्क्युलेटरवर मोजलं, उताऱ्याच्या समासात पेनने आकडे लिहिले आणि शेवटी लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र करून शिक्का मारून दिला. पुढची सगळी आकडेमोड त्या दोन ओळींवर उभी राहिली.

पेन्शनचंही तसंच. निधनानंतरच्या दिवसांचं जमा झालेलं पेन्शन बँकेने परत वळतं करून घेतलं होतं, त्यामुळे एप्रिल ते जानेवारी मध्यापर्यंतचंच मोजलं. शिवाय एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात नव्हती. बाबांनी काही वर्षांपूर्वी स्वतःच्या पैशातून आईच्या नावे ठेव केली होती. पतीने पत्नीला दिलेल्या पैशावरचं व्याज पतीच्याच उत्पन्नात धरतात, ज्याला सगळे क्लबिंग म्हणतात. पण हा नियम पती-पत्नीचं नातं असेपर्यंतचा. म्हणून त्या ठेवीचं जानेवारी मध्यापर्यंतचं व्याज बाबांकडे गेलं आणि पुढचं आईचं स्वतःचं झालं. ठेव तीच, नाव तेच, तरी व्याज दोन रिटर्नमध्ये विभागलं गेलं.

आता वजावटींची जुनी करप्रणाली की कमी दरांची नवी? बाबांचं आजारपण मोठं होतं आणि आरोग्य विमा नव्हता. भावाने हॉस्पिटलच्या बिलांची जाडजूड फाइल काढली. जुन्या प्रणालीत विमा नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या उपचारांसाठी कलम ८०डी खाली ५०,००० पर्यंत, कर्करोगासारख्या ठरावीक आजारांसाठी ८०डीडीबी खाली १ लाखापर्यंत आणि व्याजावर ८०टीटीबी खाली ५०,००० पर्यंत वजावट मिळते. नव्यात यातलं काहीच नाही. साहजिकच सगळे म्हणाले, जुनीच घ्या. मी तरी दोन्ही मांडून पाहिलं. दर २०२४-२५ चे आहेत, आकडे गोल केले आहेत, पण चित्र खरं आहे.

पेन्शन ५,७०,००० आणि आईच्या ठेवीच्या भागासह व्याज ३,००,०००. जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट (पगार-पेन्शनवर सरसकट मिळणारी) आणि वरच्या तीन मिळून २,००,००० वजा केले की ६,२०,००० राहतात. ज्येष्ठांना ३ लाखांपर्यंत करमाफ, त्यामुळे उपकरासह कर ३५,३६०. नव्यात फक्त ७५,००० ची प्रमाणित वजावट, करपात्र ७,९५,००० आणि तरीही कर ३०,६८०. एवढी बिलं लावूनही जुनी प्रणाली महाग पडली. बाबांनी त्या वर्षी ८०सी मधली दीड लाखाची गुंतवणूक केली असती, तर मात्र जुन्यात उत्पन्न ५ लाखांच्या आत येऊन कर शून्य झाला असता. असं आहे हे. "सिनिअर सिटिझन असाल तर जुनी बरी" किंवा "नवीच बरी" असा सरसकट सल्ला कुणी दिला तर मी आता तो मनावर घेत नाही. कागदावर दोन्ही हिशेब मांडायला अर्धा तास लागतो.

या हिशेबात आणखी एक जमेची बाजू होती. बाबांचं वर्ष साडेनऊ महिन्यांचं असलं तरी करमुक्त मर्यादा आणि प्रमाणित वजावट पूर्ण वर्षाची मिळाली. ती दिवसांच्या हिशेबाने कापत नाहीत.

हॉस्पिटलचं शेवटचं मोठं बिल भावाच्या कार्डावरून गेलं होतं. ते बाबांच्या नावावर दाखवता येत नाही, वजावट ज्याने पैसे भरले त्याची. भाऊ जुन्या प्रणालीत होता, त्यामुळे आईवडिलांच्या उपचारखर्चाची ८०डी वजावट त्याने त्याच्या रिटर्नमध्ये घेतली. त्याचं स्वतःचंही एक प्रकरण होतं. वर्षाच्या मध्यात नोकरी बदललेली, दोन फॉर्म १६ (कंपनी देते ते पगार आणि कापलेल्या कराचं प्रमाणपत्र), आणि दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट आणि करमुक्त मर्यादा आपापल्या परीने पूर्ण धरलेली. एकत्र केल्यावर कर भरायचा निघाला, वर थोडं व्याजही. नव्या ठिकाणी रुजू होताना फॉर्म १२बी मधून आधीचा पगार कळवला असता तर टीडीएस वेळेवर नीट कापला गेला असता. त्याच्या ऑफिसमध्ये नव्याने येणाऱ्यांना आता तो स्वतः हे सांगतो.

बाबांचं रिटर्न आम्ही आयटीआर-२ या फॉर्ममध्ये भरलं. साध्या पेन्शनरला आयटीआर-१ पुरतो, पण आमच्याकडे निधनानंतरच्या व्याजावर बाबांच्या पॅनवर कापलेला टीडीएस आईकडे द्यायचा होता. आयटीआर-२ च्या टीडीएसच्या तक्त्यात ही रक्कम दुसऱ्या व्यक्तीच्या नावे दाखवण्याचा रकाना आहे, तिथे समोरच्याचं पॅन लिहायचं. आयटीआर-१ मध्ये ती सोय नाही. त्याच कारणाने आईचंही आयटीआर-२. सीए ताईंची फी एवढ्या एका गोष्टीसाठी वसूल झाली, असं मला मनापासून वाटतं. हे जमलं नसतं तर तो पैसा बाबांच्या पॅनवर अडकून पडला असता. बाबांचा स्वतःचा टीडीएस वजा करून थोडा कर राहिला, तो त्यांच्याच पॅनवर चलन काढून भरला. पडताळणी आईच्या आधार ओटीपीने झाली. त्या वर्षी ३१ जुलैची मुदत वाढून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत गेली होती, म्हणून घाई झाली नाही.

मग आईचं रिटर्न. बाबांचं पेन्शन पगारात मोडायचं, आईचं कुटुंब निवृत्तिवेतन मात्र 'इतर उत्पन्ना'त मोडतं. तिला ७५,००० ची प्रमाणित वजावट नाही. निवृत्तिवेतनाचा एक तृतीयांश किंवा नव्या प्रणालीत २५,०००, जुन्यात १५,०००, यातली जी रक्कम कमी तेवढीच वजावट. अडीच महिन्यांचं तिचं निवृत्तिवेतन ९०,००० झालं, त्यातून २५,००० वजा. व्याज धरूनही उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खूप खाली. रिटर्न भरलं ते केवळ कापलेला टीडीएस परत मिळवण्यासाठी, आणि परतावा थेट आईच्या खात्यात आला. "माझ्या नावाने आलेत का?" तिने पासबुक भरून आणल्यावर विचारलं आणि ती ओळ स्वतः वाचली.

२०२५-२६ साठी तिचं गणित वेगळं होतं. आता पूर्ण बारा महिन्यांचं निवृत्तिवेतन आणि सगळ्या ठेवींचं व्याज तिचं, मिळून आठ लाखांच्या आसपास. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होत असल्याने तिने प्रत्येक बँकेत फॉर्म १५एच, म्हणजे कर लागत नाही तेव्हा टीडीएस कापू नका असं सांगणारा ज्येष्ठांचा अर्ज, दिला आणि टीडीएस कापलाच गेला नाही. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला आहे, तेव्हा यापुढच्या वर्षांसाठी कलमांचे आणि फॉर्मचे नंबर बदललेले आढळतील, बँकेत जाताना ते पाहून घ्या.

वारसाने मिळालेल्या मालमत्तेवर आपल्याकडे कर नाही, वारशावर लागणारं मालमत्ता शुल्क १९८५ मध्येच गेलं. पण पुढे ती विकली तर भांडवली नफ्यावर कर लागतो, आणि तो मोजताना खरेदीची किंमत आणि तारीख बाबांची धरतात. बाबांचे थोडे शेअर्स आणि म्युच्युअल फंड आहेत. आई जुनी रद्दी काढायला बसली तेव्हा ब्रोकरची पिवळी पडलेली खरेदीची बिलंही त्या ढिगात होती. ती मी सगळी स्कॅन करून ठेवली, मूळ कागदही फाइलला लावले. बाबांचं पॅनही आम्ही अजून परत केलेलं नाही. त्यांच्या रिटर्नबद्दल विभागाकडून काही विचारणा आली तर उत्तर त्याच पॅनवरून द्यावं लागेल, तोपर्यंत ते त्या फाइलच्या पहिल्या पानावर लावलेलं आहे.