चिपाडातील लिग्निन आणि तुंबलेला गाळणकागद

गळिताचा हंगाम ऐन भरात असताना शिरोलीतील एका फाउंड्रीचे मालक कोल्हापुरातील आमच्या प्रयोगशाळेत आले. ओतकामाच्या साच्यात पोकळी राखणारे वाळूचे कोर बांधण्यासाठी ते फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन वापरत. त्यातील काही फिनॉलऐवजी लिग्निन, म्हणजे वनस्पतींचे तंतू घट्ट बांधून ठेवणारा घटक, चालेल का, असा त्यांचा प्रश्न होता. तो मला अगदी रास्त वाटला, कारण लिग्निन फिनॉलच्या जातकुळीतील घटकांचेच बनलेले असते आणि उसासारख्या गवतवर्गीय वनस्पतींच्या लिग्निनमध्ये फॉर्मल्डिहाइडशी जोडल्या जाणाऱ्या मोकळ्या जागा सागासारख्या झाडांच्या लाकडापेक्षा अधिक असतात.

गुऱ्हाळावर चुलवाणात जाणाऱ्या चिपाडाच्या कोरड्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा लिग्निनचा असतो. आम्ही चिपाड कॉस्टिक सोड्यात दाबाखाली शिजवले, तंतू वेगळे केले आणि लिग्निन विरघळून उरलेल्या काळ्या द्रावात सौम्य सल्फ्युरिक आम्ल हळूहळू सोडले. (सल्फाइड घालून शिजवलेल्या द्रावात आम्ल टाकले तर हायड्रोजन सल्फाइड हा प्राणघातक वायू सुटतो, म्हणून मी निव्वळ सोड्याची पद्धत निवडली होती.) सामू (pH) २ च्या जवळ येताच लिग्निनचे कण सुटून तो डांबरासारखा द्राव फिकट तपकिरी झाला. मात्र गाळायला घेतल्यावर कागदावर बुळबुळीत थर बसला आणि व्हॅक्यूम पंप दुपारभर चालूनही चंचुपात्र जेमतेम निम्मे रिकामे झाले.

लिग्निनचे कण इतके सूक्ष्म आणि पाणी धरून ठेवणारे असतात की ते कागदाची छिद्रेच बुजवतात. मी उरलेला द्राव ७० अंशांपर्यंत तापवून मंद ढवळत ठेवला; उष्णतेने मऊ झालेले कण एकमेकांना चिकटून रवाळ झाले आणि पाणी काही मिनिटांत खाली उतरले. इतक्या वर्षांच्या कामात कोणत्याही गाळणीने मला एवढा आनंद दिला नव्हता.

धुऊन वाळवलेली चिमूटभर भुकटी मुशीत जाळली, तेव्हा मात्र तळाशी करडी राख उरली. उसातील सिलिका सोड्यात विरघळते आणि आम्ल पडताच लिग्निनबरोबर खाली बसते.

"साहेब, ही तर आमच्या वाळूचीच जात की," मालक मुशीत डोकावत म्हणाले.

जात तीच असली, तरी रेझिनमध्ये ती राख फॉर्मल्डिहाइडशी जोडली जाणार नव्हती. केवळ वजन वाढवणार होती. म्हणून पुढच्या खेपेस आम्ल घालण्याआधी काळ्या द्रावात कार्बन डायऑक्साइड सोडून, सामू १० च्या आसपास रोखून सिलिका आधीच काढायची ठरवली आणि त्याच संध्याकाळी सिलिंडरची मागणी लिहून दिली.